गच्चीवरचं शून्य

“कुठून?”

काकांचा पहिला प्रश्न नेहमी हाच. “काका, ड्रोन तीस मीटर वर न्या,” म्हटलं की गळ्यातला रिमोट सावरत, या पायावरून त्या पायावर होत ते विचारायचे, “कुठून तीस?”

तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा, ज्याला खुर्ची चावते. काका रेल्वेतून निवृत्त झाले आणि महिनाभरात घरच्यांना नकोसे झाले. मग त्यांनी ड्रोन घेतला आणि माझ्याबरोबर लग्नांच्या शूटिंगला यायला लागले. वर ड्रोन एका जागी थांबलेला, आणि खाली काका मांडवभर येरझाऱ्या घालताहेत. वाढपी त्यांना चुकवत पळायचे. मलाही पाहूनच धाप लागायची.

पंडरी बाजारातल्या एका कापडवाल्याने एकदा एका लग्नात विचारलं, एवढ्याशा यंत्राला आपली उंची कळते कशी? काका खूश.

“पोटात हवेचा दाब मोजाचा सेन्सर असते न भैया. वर गेला का दाब कमी, त्यावरून हिशोब करते. पन जमीन कोनती, त्याले काय ठाऊक? जिथून उडला, ते त्याचं शून्य. गच्चीवरून उडवा, गच्चीच शून्य. मंग गल्लीत उतरवला का मायनस दाखवते!”

कापडवाला केव्हाच निघून गेला होता. उरलेलं मला ऐकावं लागलं, तेही त्यांच्यामागे चालत.

त्यांच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंगही आमच्याचकडे होतं. हळदीच्या दिवशी तिने मला बाजूला घेतलं. “भैया, पापा का एक तो साफ फोटो ले लेना. बचपन से हर फोटो में हिले हुए हैं.” हसत म्हणाली, पण डोळे भरले होते.

मी जंग जंग पछाडलं. कन्यादानाला बसले, तेही अर्धे उठलेले. एका फोटोत नुसता फेटा.

पाठवणी काकांच्या सदर बाजारातल्या घरूनच होती. गल्लीत स्कूटींची ही गर्दी, म्हणून काकांनी ड्रोन तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून उडवला आणि रिमोट घेऊन धावत खाली आले. गाडी हलली. खिडकीतून तिचा हात हलत राहिला, मग गाडी वळणाआड गेली. काकांनी ड्रोन आमच्या डोक्यावर आणला, कॅमेरा खाली वळवला आणि उतरवायला लागले. रिमोटवर शून्य दिसताच त्यांनी दांडी सोडली, आणि ड्रोन गच्चीइतक्या उंचीवरच घोंगावत राहिला.

“शून्य तं झालं,” ते रिमोटकडे पाहत म्हणाले. “मंग खाली काहून नाही येऊन राहिला?”

चिडवायची अशी संधी पुन्हा मिळाली नसती. पण चिडवावंसं वाटेना. “काका,” मी हळूच म्हटलं, “कुठून?”

त्यांनी मान वर केली. गच्चीकडे पाहिलं.

“हव,” एवढंच म्हणाले.

यंदाच्या उन्हाळ्यात काका गेले. झोपेत गेले म्हणे. काका पडून होते, हेच मला अजून पटत नाही.

तेराव्यानंतर तिचा फोन आला. “भैया, एक भी नहीं?” सगळे फोटो पुन्हा चाळले, हाती काही लागलं नाही. शेवटी ड्रोनचं मूळ रेकॉर्डिंग लावलं. गाडी गेल्यावरचा तो भाग आम्ही लग्नाच्या फिल्ममधून कापून टाकला होता.

सदर बाजारची गल्ली. दोन्ही बाजूंनी हॉर्न वाजवत स्कूटी निघाल्यात. मधोमध काका, चेहरा वर केलेला, स्वच्छ दिसणारा. फेट्याचा शेमला वाऱ्यावर हलतोय. काका हलत नाहीत.