मागच्या सीटचं बटण

गाडीत नवा साउंड बसवला की शैलाताई ड्रायव्हरशेजारी बसून तो कधीच ऐकायच्या नाहीत. पदर खोचून थेट जीपच्या मागच्या सीटवर, कोपऱ्यात अंग चोरून बसायच्या आणि मग गाणं लावायला सांगायच्या. "पुढं बसून काय कळनार? पाशिंजर मागं बसतो," असं त्यांचं म्हणणं.

मुरबाडच्या एका कारखान्यात त्यांनी अर्धी हयात सोल्डरिंग केलं. कारखाना बंद पडला, तसा स्टँडमागे गाळा भाड्याने घेऊन त्या स्वतःच गाड्यांच्या म्युझिक सिस्टीम आणि वायरलेस हेडफोन बनवू लागल्या. बाई फटकळ. हेडफोन घ्यायला गेलेल्या माझ्या बायकोला त्यांनी विचारलं होतं, "गुरुजींचं ऐकायचं नाय म्हनून घेता काय?" त्या जाऊन वर्ष होत आलं. मला आठवण येते ती या फटकळपणाचीच.

त्यांच्या सिस्टीमला एक बटण जास्तीचं असे, मागच्या सीटजवळ. आवाज पाशिंजरालाही कमी करता यावा म्हणून. स्टँडवरच्या जीपवाल्या ड्रायव्हर मंडळींना हे भलतंच झोंबलं. त्यांचा पुढारी जनार्दन गाळ्यावर आला, तेव्हा मी तिथेच होतो.

"ताय, गाडी आमची, गानी आमची. ते बटन काढा."

"गानी तुझी रे, कान पाशिंजरांचे."

"मंग एक पन गाडी तुमच्याकडं नाय येनार."

"नको येऊ. बटन नाय निघनार."

गाड्या साउंड बसवायला कल्याणला जाऊ लागल्या. गाळ्याच्या मालकाच्याही दोन जीपा होत्या, त्याने गाळा खाली करायला सांगितलं. शैलाताईंनी माहेरी, किन्हवलीला दुकान हलवायचं ठरवलं. मी तिथल्याच शाळेत शिकवतो, म्हणून सामान हलवायच्या दिवशी सकाळी आम्ही बरोबरच निघालो. स्टँडवर नंबरला नेमकी जनार्दनची जीप. मी म्हटलं, पुढच्या गाडीने जाऊ. "त्याला भिऊन?" म्हणत त्यांनी खोकी टपावर चढवलीसुद्धा.

गाव सुटताच जनार्दनने कल्याणला बसवलेल्या, मागे बटण नसलेल्या साउंडवर गाणं लावलं. समोरच्या म्हातारीने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"आवाज कमी कर," शैलाताई म्हणाल्या. त्याने वाढवला.

"थांबव गाडी."

किन्हवलीच्या अलीकडच्या फाट्यावर जीप थांबली. शैलाताई उतरल्या, खोकी खाली ओढू लागल्या. जनार्दन हसत होता. "इथं रानात उतरून काय करनार?"

"दुकान टाकनार," त्या म्हणाल्या, आणि खरोखरच शेवटपर्यंत त्यांचं दुकान त्याच फाट्यावर राहिलं.

एवढ्यात म्हातारी उठली. "मना पन उतरव गो," म्हणत तिने शैलाताईंचा हात धरला. तिच्यामागून भाजीवाल्या दोघी उतरल्या, मग कॉलेजच्या मुली. जनार्दन हाका मारत राहिला. शेवटी तो रिकामी जीप घेऊन निघून गेला, आणि गाण्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता.

"गुरुजी, तुमी कशाला उतरलात? शाळा हाय ना?"

"जाईन चालत," मी म्हणालो. कित्येक वर्षांत मला इतकं मोकळं वाटलं नव्हतं. मी एक खोकं उचललं आणि विचारलं, "कुठे ठेवू?"