नुसती हलगी

माझं बूड एका जागी टेकत नाही, ही आईची जुनी तक्रार. आणि पोटासाठी मी निवडलं काय, तर दिवसभर खुर्चीत बसून व्हिडिओ जोडायचं काम. लग्नं, वाढदिवस, बैलगाड्यांच्या शर्यती, जे येईल ते. अवसरीतल्या आमच्या घरी पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटर आहे आणि त्याच खोलीत आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, खुर्ची.

यात्रा झाल्यावर महाळुंग्याच्या एका गाडामालकानं काम दिलं. त्याची बैलजोडी घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पळालेली, सगळीकडे गुलाल, फेटे, आणि त्यावर लावायला त्यानंच निवडलेलं गाणं. गाण्यात हलगी होती. असल्या व्हिडिओत चित्र थापेवर बदललं पाहिजे. थाप पडली की बैलाचा खूर, थाप पडली की हवेत उडालेली टोपी. कट जरासा मागंपुढं झाला तरी बघणाऱ्याला काय बिघडलं ते कळत नाही, तो नुसता अंगठ्यानं पुढं सरकवतो.

गायकाच्या आवाजाखाली थाप नीट सापडेना. म्हणून गाणं सॉफ्टवेअरमध्ये घातलं आणि हलगी वेगळी काढली. गायक गेला, पेटी गेली, उरली नुसती हलगी. कोरडी आणि कडक. तोच तुकडा मी पुन्हा पुन्हा लावत बसलो.

आण्णा उठले, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी सुरू करताच चपला घालून बाहेर पडले. परत आले तरी माझं तेच चाललेलं. मग दारातूनच म्हणाले, "गाणं लावायचं तर सगळं लाव. ही एकटी नको."

"एकटी केल्याबिगर कट बसत नाय, आण्णा."

"मग दुसरं काम घे."

मला राग आला. कारण माहीत नव्हतं असं नाही. माझे आजोबा गावात हलगी वाजवायचे. हौस म्हणून नव्हे, वाजवावीच लागायची. कुणाकडे लग्न असो की मयत, निरोप आला की निघायचं आणि दारात उभं राहायचं. धम्मदीक्षा घेतली तेव्हा त्यांनी ती खाली ठेवली ती कायमची. आण्णा शिकले, नोकरीला लागले, आणि आमच्या घरात हलगीचं नावसुद्धा कुणी काढत नाही. हे सगळं खरं. पण मी कुठं वाजवत होतो? मी तर माउस दाबत होतो.

शेवटी हेडफोन घातला. घर गप्प झालं. माझी बोटं मात्र ऐकेनात, टेबलावर पडतच राहिली. मान वर केली तर आण्णा माझ्या हाताकडं बघत होते. मी हेडफोन काढला.

"तुझा आजा झोपंत बी अशीच बोटं वाजवायचा, खाटंच्या लाकडावर," ते म्हणाले. "हलगी सोडली व्हती त्यानं. माझी आई त्याचा हात धरून बसायची, शेजारी कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून."

मी हात मांडीखाली घातला. लाज वाटली, आणि लाज वाटली याचाच जास्त राग आला. काम मात्र सोडलं नाही. हात मांडीखाली घालून बसायचो, उठून अंगणात फेऱ्या मारायचो, पुन्हा येऊन बसायचो.

व्हिडिओ झाला तसा गाडामालक घरीच आला. आईनं चहा टाकला. त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला, पुन्हा लावायला सांगितला, आणि खूश होऊन माझ्या पाठीवर हात ठेवला.

"लई भारी, राव. एकेक कट थापेवर. पर तुमाला काय अवघड? तुमच्या रक्तातच हाय ती."

तो हे मनापासून, कौतुकानं म्हणाला, हीच पंचाईत. वाईट बोलला असता तर मी तोंडाला तोंड दिलं असतं. आता व्हिडिओ पेन ड्राइव्हवर टाकायला घेतला, आणि बोटं पुन्हा सुरू झाली.

आण्णांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"पावणं, रक्तात काय नाय," ते म्हणाले. "किती दिस झालं, मी हितं बसून बघतोय. हा चुकत व्हता, परत लावत व्हता, परत चुकत व्हता. माझा जीव नकोसा केला त्यानं. तवा कुठं जमलं. शिकलाय तो."

"तसं न्हाई आण्णा, मी आपलं कौतुक..."

"करा की. त्याच्या कामाचं करा."

पाहुण्यानं मान हलवली, चहा संपवला आणि पेन ड्राइव्ह घेऊन गेला. मला उठून त्याच्यामागं जावंसं वाटत होतं, भांडायला की हात जोडायला, ते कळत नव्हतं. मी टेबल आवरायला लागलो.

"ती एकटी लाव बरं एकदा," आण्णा म्हणाले.

मी लावली. आण्णा ऐकत बसले, आणि ती वाजत होती तोवर त्यांनी आपले दोन्ही हात खुर्चीच्या लाकडावर घट्ट दाबून धरले होते.