बटण दाबण्याआधीचा चहा

दादा गेल्याचं मला मोबाइलवर, आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपमध्ये कळलं. लातूरला ऑफिसात डबा उघडून बसले होते. आधी जोडलेल्या हातांचं चित्र आलं, मग आणखी हात, मग त्याचा फोटो. नांदेडच्या दवाखान्यातून वहिनीचा फोन आला तो त्यानंतर. श्रद्धांजली वाहणाऱ्यांत अर्धी नावं अशी होती, ज्यांनी थोड्याच दिवसांपूर्वी त्याची ती क्लिप पुढे पाठवली होती...

दादा माझा मावसभाऊ, देगलूरचा. गावात पहिलं इंटरनेट आपणच आणलं असं तो सांगायचा. एकच कॉम्प्युटर, त्यावर वहिनीने विणलेलं झाकण, चपला बाहेर. मॉडेम किरकिरायला लागला की दुकानातली सगळी माणसं गप्प व्हायची. "लागलं का?" "लागून राहिलंय, दम धरा की!" लोक तोंडी मजकूर सांगायचे, तो इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचा. नियम एकच होता. रागाचा मेल लगेच जाणार नाही. समोरच्या टपरीवर चहा पिऊन यायचं, आणि तरी तेच म्हणायचं असेल तर तो बटण दाबणार.

मी एकदा तिथे असताना एक मामा आले होते. मुलगा मस्कतला, बरेच दिवस खबर नाही. "लिव, तू मेलास आमाला." दादाने तसंच टाइप केलं. "मामा, लाइन लागंना झालीय. चहा घेऊन या." मामा परत आले ते मिशा पुसत. "तेच पाठवू का?" मामांनी पडद्यावरच्या ओळीवर बोट ठेवलं. "खोड ते. माय वाट बघून राहिली म्हन." लाइन केव्हाचीच लागलेली होती.

पुढे प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि दुकानात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म राहिले. या वर्षी एक म्हातारी दुकानातच फोनवर कुणा भामट्याला आपला ओटीपी वाचून दाखवत होती. दादा ओरडला, "ठेव म्हन्लं ना!" आणि त्याने फोन हिसकावला. रांगेतल्या कुणीतरी मोबाइलवर तेवढंच टिपलं. खाली लिहिलं, 'म्हातारीला दुकानदाराची मारहाण'. संध्याकाळपर्यंत ते आमच्या ग्रुपमध्येही आलं. म्हातारी सगळ्यांना सांगत फिरली, "वाचिवलं की रे त्यानं मला!" तिची क्लिप कुणी काढली नाही. दुकानात येणारे कमी झाले. क्लिपमुळे तो गेला असं मी म्हणणार नाही. शुगर होती, बीपी होतं, गोळ्या चुकवायचा. पण तो गेला तेव्हा गावाच्या लेखी तो म्हातारीवर हात टाकणारा माणूस होता, आणि हे मला चालणार नाही.

शेवटच्या फोनवर मी त्याला म्हटलं, "दादा, उत्तर दे की ग्रुपवर."

"कुणाकुणाला देऊ, शोभे? आता चहाला कुणी थांबतच न्हाई..."

परवा मी ग्रुपवर क्लिप पुढे पाठवणाऱ्या सगळ्यांची नावं घेऊन मजकूर लिहिला. बोट बटणावर होतं. मग फोन पालथा ठेवला आणि गॅसवर आधण ठेवलं. चहा केला, बसून प्यायले, कप धुतला. परत येऊन वाचलं. नावं काढली, दोन शिव्या काढल्या. बाकी तेच म्हणायचं होतं, ते इथे लिहिलं आहे.