मुन्शीजींचा मसुदा

वणीच्या रजिस्ट्री ऑफिसबाहेर लिंबाखाली पेटी मांडून बसलं की किस्से शोधावे लागत नाहीत, तेच समोर येऊन बसतात. आम्ही तिघं-चौघं दस्तलेखक. बाकीचे हे किस्से सांगून हसतात, मला मात्र अजून संताप येतो. मुन्शीजी आमच्यात सगळ्यांत जुने, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून.

*

मुन्शीजींकडे मृत्युपत्राचा एकच मसुदा होता, पिवळा पडलेला. त्यात एक ओळ ठरलेली: 'माझ्या पश्चात माझ्या अज्ञान मुलांचा पालक माझा भाऊ', आणि पुढे नावापुरती रिकामी जागा. छप्पन साली नवा कायदा आला. बाप गेल्यावर आई हयात असेल तर पालक आईच. तिच्यापुढे भावाचं नाव चालत नाही. मी कायद्याचं पुस्तक त्यांच्या पेटीवर आपटलं.

"कायदा दिल्लीचा हाये," मुन्शीजी पान थुंकून म्हणाले, "मसुदा वणीचा हाये!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच ओळ!

*

एक मास्तर ऑपरेशनसाठी नागपूरला निघाले होते. जाण्याआधी लेकरांची सोय लिहून ठेवावी म्हणून बायकोसोबत आले. मुन्शीजींनी टाक बुडवला. "भावाचं नाव सांगा, गुरुजी."

मास्तरांनी सांगितलंसुद्धा!

बाई शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "काहो, मी मेली काय?"

"तसं नाही बाई," मुन्शीजी शांतपणे म्हणाले. "मसुद्यात तुमाले जागा नाही."

मला मुन्शीजी आणि मास्तर, दोघांच्याही कानाखाली द्यावीशी वाटली.

*

घरी येऊन हे सगळं मी तावातावाने बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुमच्या कागदात कोनाचं नाव हाये?"

माझ्या कागदात! कायद्याच्या आधी एकदा विषमज्वरातून उठलो, तेव्हा मीही मृत्युपत्र केलं होतं. मुन्शीजींच्याच मसुद्यावरून, सुंदर अक्षरात. पालक: धाकटा भाऊ.

"ते जुनं आहे गं."

"मंग मी काय नवी हाये?"

तो कागद मी चुलीत घातला. त्या दिवशी स्वतःचाच इतका राग आला की जेवण गेलं नाही.

*

एक गवंडी आला. बायको वारलेली, पोरगं पाच वर्षांचं. पालक म्हणून बहिणीचं नाव घालायचं होतं. मुन्शीजींनी आधी विचारलं, "जात?"

"बौद्ध."

"ते आत्ताचं. पहिलेची सांग."

गवंडी उठून उभा राहिला. "माह्या मांघारी पोरगं कोनापाशी राहीन ते लिहा. पहिले मी काय होतो, ते त्याले कायले ठेवून जाऊ?"

त्याचा कागद मी लिहिला. मुन्शीजी आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बरंच झालं!

*

आता मुकुटबनची अनसूया. नवरा गेलेला, तिला छातीचा आजार, डॉक्टरने दिवाळीपर्यंतचीच मुदत दिलेली. दोन पोरी, नऊ आणि सात वर्षांच्या. वणीतल्या कापसाच्या जिनात काम करणाऱ्या बहिणीला पालक नेमायचं होतं. ही बहीण स्वतःच्या पोरीला शाळेत पाठवायची. विधवेला असा पालक नेमण्याचा हक्क नव्या कायद्याने दिला होता. कागद मी केला.

दीर मागोमाग आला, मुन्शीजींना घेऊन. या दिराला मी ओळखत होतो. त्याची थोरली तेराव्या वर्षी बिजवराला दिलेली, धाकटी शाळा सोडून ढोरांमागे.

आम्ही सगळे रजिस्ट्रार साहेबांसमोर उभे राहिलो. मुन्शीजींनी पढवलेलं असणार, दिराने एकदम हात जोडले, डोळ्यांत पाणी आणलं. "सायेब, बाहेरचं मानूस कायले पाहिजे? मी हाये ना! या दोघीले मी माह्या पोटच्या पोरीसारखं वागवीन. अगदी तसंच! शपथ घेतो!"

साहेब विरघळले. पेन खाली ठेवून म्हणाले, "बाई, आणखी काय हवं तुम्हाला?"

अनसूयेने पदराने तोंड पुसलं, खोकला थांबेपर्यंत वाट पाहिली.

"सायेब," ती म्हणाली, "त्याच्याच भेवानं तं मी इथवर आली."