ताईचं बोअर होणं
आई गेली त्या वर्षी ताई सदर भागातल्या एका कॉलेजात शिकत होती. आमच्या प्रतापनगरच्या घरात ‘बोअर’ हा शब्द तिनेच आणला. लेक्चर बोअर करतं, वांग्याची भाजी बोअर करते, मी तर जन्मापासूनच बोअर करते म्हणे. बाबा गिरणीत कामाला. हा शब्द त्यांच्या नुसता कानावरून जायचा.

तेरवीपर्यंत भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. उमरेडची मावशी तर फाटकापासूनच गळा काढायची आणि आत आली की एकेकीला कवटाळायची. तिने कवटाळलं की मला हटकून रडू फुटायचं. त्यामुळे नातेवाइकांत मी गुणाची ठरले. ताई मात्र मावशीच्या मिठीत नुसती उभी राहायची. एकदा मावशीने सगळ्या बायकांदेखत तिला विचारलं, मायसाठी दोन आसवं काहून नाही वं तुह्यापाशी?

“मावशी, मले बोअर होऊन राहिलं,” ताई म्हणाली.

झालं. माय मेली अन् पोरीला कंटाळा आला, हे संध्याकाळपर्यंत घरांच्या साऱ्या ओळीत पसरलं. मलाही तिचा संताप आला होता. पण बाबा काहीच बोलले नाहीत, तेव्हा मला भीती वाटली. त्यांनीही ताईला दगड ठरवलं, तर ती कोणाकडे बघणार होती?

दुसऱ्या दिवशी जेवताना बाबांनी विचारलं, “बोअर होते म्हणजे काय होते वं?”

ताई भात चिवडत राहिली. “काहीच नाही होत, बाबा. लोक बोलतात ते ऐकू येते, पण आत जात नाही. भूक नाही लागत. रडू नाही येत. बसलं की बसूनच राहावं वाटते.”

बाबांनी मान हलवली आणि ताट तसंच सोडून हात धुतले. आई गेल्यापासून त्यांच्याही डोळ्यांत पाणी दिसलं नव्हतं. पुरुषांना कोणी विचारत नाही, एवढंच.

तेरवीला मावशी पुन्हा गळा काढत आली आणि ताईकडे वळली. बाबा मधे उभे राहिले.

“तिले सोडा,” ते म्हणाले. “आम्हा दोघायले बोअर होऊन राहिलं.”

काय करावं ते न सुचून मावशीने मला जवळ ओढलं, घट्ट धरलं, पाठीवरून हात फिरवला. मला रडू आलं नाही.