पाचानंतर आठ

तिला ‘पंच’ हे नाव मित्रांनी दिलं होतं आणि ती ते मिरवायची. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि आईच्या तोंडी होतं, पण आईसुद्धा ते चिडल्यावरच वापरायची. औषधाच्या खोक्यात घडी घालून बारीक अक्षरांचं पत्रक ठेवतात ना, ती पत्रकं तपासण्याची तिची नोकरी. ‘जेवणाआधी’च्या जागी ‘जेवणानंतर’ छापलं गेलं तर कुणाच्या तरी जिवावर बेतायचं, म्हणून अठरा वर्षं ती छापखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर डोळ्यांत तेल घालून बसत होती, आणि बाहेर बघायचा मोह नको म्हणून खिडकीकडे पाठ करून. सवय अशी जडली, की लग्नपत्रिका हातात आली तरी वधूवरांच्या आधी तिला ऱ्हस्वदीर्घ दिसायचं. हिला जेवायच्या पंगतीत अनोळखी माणसाशेजारी बसवू नका, त्याच्या बोलण्यातल्या चुका काढत बसेल, असं आईच सगळ्यांना सांगायची.

अशा बाईला मित्र मिळाले कसे, हा प्रश्न इतरांना पडायचा तसा तिलाही पडायचा. उत्तर तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. खेळाच्या नियमांमुळे. आपल्याला नियम चोख माहीत असतात म्हणून टेबलाशी आपली खुर्ची आहे. उद्या नियमांचं काम राहिलं नाही, तर खुर्चीही राहणार नाही. हे ती कुणाशी बोलली नव्हती, कारण असलं काही बोलायची तिची पद्धत नव्हती.

मित्र एकूण तीन. पहिला लांब्या. हा तिच्याच इमारतीत राहायचा, जमीन मोजणीच्या कचेरीत होता, आणि दुनियेची जमीन मोजूनही स्वतःच्या डोक्यापासून दाराची चौकट किती लांब आहे हे त्याला कधी कळलं नाही. दुसरी पार्लरवाली. ती पंचचे केस कापायची, आणि केस कापताना जे बोलणं सुरू झालं ते खुर्चीवरून उठल्यावरही थांबलं नाही. तिसरे दादा. पन्नाशीकडे झुकलेले, नऊ नंबरच्या बसचे ड्रायव्हर. लांब्या रोज त्यांच्या बसने जायचा. एका रविवारी ड्यूटी संपताना त्याने त्यांना अक्षरशः हाताला धरून बसमधून खाली उतरवलं आणि एका कॅफेच्या माडीवर आणून बसवलं. तिथे पंच आणि पार्लरवाली गोल टेबलावर ‘सात बंदरं’ नावाचा खेळ मांडून बसल्या होत्या. ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट.

खेळ सोपा होता. प्रत्येकाची तीन जहाजं, मध्ये पुठ्ठ्याचा समुद्र, हातात पत्ते. वादळाचा पत्ता पडला की जहाज बुडतं. त्या दिवशी पंचने नियमांची पुस्तिका मोठ्याने वाचून दाखवली, आणि तेव्हापासून ती म्हणेल ती पूर्व दिशा. त्यातला एक नियम चौघांच्या फार आवडीचा होता. ज्याची तिन्ही जहाजं बुडाली, तो पुढच्या फेरीत शेजाऱ्याच्या जहाजावर खलाशी म्हणून जातो आणि शेजाऱ्याच्या मालातला थोडा वाटा घेतो. त्यामुळे डाव तीन-तीन तास चालायचा आणि बुडालेला माणूसच जास्त बडबड करायचा, कारण त्याला गमवायला काही नसायचं. पुढे पुढे हा शब्द टेबलावरून खाली उतरला. दादांच्या पायाला प्लास्टर होतं तेव्हा ते दोन महिने लांब्याच्या सोफ्यावर ‘खलाशी’ होते. पार्लरमध्ये पाणी शिरलं तेव्हा पार्लरवालीने पंधरा दिवस पंचच्या स्वयंपाकघरात गिऱ्हाइकांचे केस कापले, आणि पंचची आई शेजारणींना सांगत सुटली की आमच्याकडे सध्या खलाशी आहे.

दर रविवारी डाव संपला की चौघं शहर पालथं घालायची. पार्किंगच्या इमारतीच्या गच्चीवर जाऊन दिवे लागताना बघायचे, कुठल्याही थिएटरात शिरून मिळेल तो सिनेमा बघायचा, किंवा नुसतंच नऊ नंबरच्या बसमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत बसून जायचं आणि दादांनी दुसऱ्या ड्रायव्हरच्या चुका काढायच्या. चाळिशीला आलीस आणि सोंगट्या कसल्या खेळतेस, असं आई विचारायची. पंच म्हणायची, सोंगट्या नाहीत, जहाजं आहेत.

वर्षातून एकदा प्रदर्शनाच्या मोठ्या हॉलमध्ये तीन दिवसांचं गेमिंग कन्व्हेन्शन भरायचं. चौघंही शनिवारचा दिवस न चुकता तिथे घालवत. यंदा तिथे पहिल्यांदाच ‘सात बंदरं’ची स्पर्धा होती, आणि लांब्याने कुणाला न विचारता चौघांचा फॉर्म भरून टाकला. अनुभवाच्या रकान्यात त्याने ‘अकरा वर्षं’ असं ठसठशीत लिहिलं. पहिली फेरी आपापल्या टेबलावर, जो जिंकेल तो उपांत्य फेरीत, अशी व्यवस्था होती.

गुरुवारी संध्याकाळी पंच पुस्तिका घेऊन उजळणीला बसली. चहाचा कप कलंडला. तिने पुस्तिका फडक्याने टिपली, तर दोन पानं एकमेकांपासून सुटली. अकरा वर्षं ती डिंकाने चिकटलेली होती. म्हणजे तिने पाचव्या पानावरून थेट आठव्यावर उडी मारली होती. पाचव्या पानाची शेवटची ओळ होती, ‘ज्याची तिन्ही जहाजं बुडाली तो’. आठव्याची पहिली, ‘खेळाडू पुढच्या फेरीत शेजाऱ्याच्या जहाजावर खलाशी म्हणून जातो’. सांधा इतका बेमालूम, की छापखान्यातला कुणीही फसला असता. पण खरं वाक्य सहाव्या पानावर पुरं होत होतं: ‘खेळाडू खेळातून बाद होतो.’ खलाशी व्हायचा तो भलताच, बंदरात मुक्काम करणारा माणूस. त्याची हकिकत सातव्या पानावर होती.

कुठलंही पत्रक हातात आलं की आधी पानांचे आकडे बघायचे, हे ती नव्या लोकांना पहिल्याच दिवशी शिकवायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तिला स्वतःची लाज वाटली आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. पंचच चुकीचा, तर पंच कशाला हवा?

शुक्रवारी फोन करून सांगू, असं तिने ठरवलं. शुक्रवारी ठरवलं, शनिवारी समोरासमोर सांगू. शनिवारी बसमध्ये दादा इतके खुशीत होते, की तिने ते हॉलवर ढकललं. अळीमिळी गुपचिळी.

हॉलमध्ये सांगायला जागा कुठे होती? गळ्यात बिल्ले अडकवलेली हजारभर माणसं, पंख लावलेले राक्षस रांगेत उभे राहून कॉफी पिताहेत, एक बाई चिलखत घालून बाळाला भरवतेय. लांब्याने दारातल्या पुठ्ठ्याच्या ड्रॅगनला कपाळ आपटलं. पार्लरवालीने एका अनोळखी चेटकिणीचा विस्कटलेला टोप तिथेच उभ्याउभ्या सारखा करून दिला आणि त्यामागे आणखी तीन चेटकिणी रांगेला लागल्या. दादांनी काचेचे फासे बघितले, हातात तोलले, परत ठेवले, पुन्हा उचलले. पंचही हसत होती. दर वर्षी याच दिवसाची ती वाट बघायची आणि आजही तिला मजा येतच होती. मधूनच बॅगेतली पुस्तिका चाचपून बघायची, एवढंच.

तीन वाजता चौघं टेबलावर बसली. देखरेखीला शिट्टी अडकवलेली एक मुलगी होती. वीस मिनिटं झाली आणि पार्लरवालीने नेहमीच्या प्रेमाने वादळाचा पत्ता काढून दादांचं तिसरं जहाज बुडवलं. एरवीही ती हेच करायची, कारण बुडाले की दादा तिच्याच जहाजावर यायचे आणि मग दोघं मिळून लांब्याला पिडायची. दादांनी हसत आपली सोंगटी उचलली आणि तिच्या जहाजावर ठेवली.

“काका, तुम्ही बाद,” ती मुलगी म्हणाली.

दादांना वाटलं पोरगी नवीन आहे. त्यांनी तिला समजुतीच्या सुरात सांगितलं, की आम्ही अकरा वर्षं खेळतोय, हवं तर आमच्या पंचांना विचार. तिघांनीही पंचकडे बघितलं. शंका म्हणून नव्हे. साक्ष काढावी तसं.

“ती बरोबर सांगतेय,” पंच म्हणाली. “दादा, तुम्ही बाद आहात. मीच चुकीचं वाचलं होतं.”

दादा उठले. बाद झालेल्यांसाठी दोरीपलीकडे खुर्च्या मांडल्या होत्या. तिथे न बसता ते गर्दीत निघून गेले. पुढचा डाव मुकाट्याने झाला. पार्लरवाली बाद झाली आणि तीही गेली. मग लांब्या. तीन तासांचा खेळ पाऊण तासात आटोपला आणि पंच जिंकली. अकरा वर्षांत ती क्वचितच जिंकली होती. मुलीने तिला उपांत्य फेरीचं कार्ड दिलं, टेबल क्रमांक चार, पाच वाजता. अभिनंदन करायला टेबलाशी कुणी उरलेलं नव्हतं.

दादा घरी गेले असणार, असं तिने धरूनच ठेवलं होतं. पण तासभर हिंडल्यावर तिघंही खाण्याच्या स्टॉलपाशी एका उंच टेबलाला टेकून उभी दिसली. पंचने बॅगेतून पुस्तिका काढली, सुटलेली पानं उघडून दाखवली आणि गुरुवारपासूनचं सगळं सांगितलं. त्या चुकीचं कुणालाच विशेष वाटलं नाही. लांब्या तर सांधा बघून खूश झाला. पार्लरवाली मात्र भडकली.

“गुरुवारपासून माहीत होतं तुला? आणि मला वादळ टाकू दिलंस? मी माझ्या हाताने त्यांना उठवलं टेबलावरून.”

“मला वाटलं, चूक कळली की तुम्हाला मी नको होईन.”

“शहाणीच आहेस,” पार्लरवाली म्हणाली आणि तोंड फिरवून उभी राहिली. तिचा राग खरा होता.

दादा पुस्तिका हातात धरून सहावं पान वाचत होते. चष्मा वर करून त्यांनी ते दोनदा वाचलं.

“पहिल्या रविवारी माझी तिन्ही जहाजं पंधरा मिनिटांत बुडाली होती,” ते म्हणाले. “तेव्हा तू हे पान वाचलं असतंस ना, तर मी चहा संपवून उठलो असतो. परत आलो नसतो.” मग म्हणाले, “त्याच महिन्यात बायको सोडून गेली होती. रविवारची ड्यूटी संपली की घरी जाववत नव्हतं. मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं.”

लांब्याला माहीत नव्हतं. पार्लरवालीलाही नव्हतं, ती पुन्हा वळली आणि दादांच्या जवळ सरकली. पंचला रडू येत होतं आणि ते येऊ द्यायला तिची हरकत नव्हती.

लाउडस्पीकरवर टेबल क्रमांक चारचा पुकारा झाला. दुसऱ्यांदा झाला. लांब्याने तिला खूण केली, जा. ती हलली नाही. तिने दादांच्या हातातून पुस्तिका घेतली, कामावरचं लाल पेन काढलं आणि सहाव्या पानावरच्या त्या ओळीवर पट्टी लावल्यासारखी सरळ रेघ मारली. समासात ‘गाळा’ असं लिहिलं आणि खाली सही केली. अठरा वर्षांत बरोबर असलेली ओळ तिने पहिल्यांदाच गाळली होती.