उंदराचं औषध

भोकरदनला सुट्टीवर आलो की लोक मला उंदराचं औषध मागायचे. मुंबईच्या प्रयोगशाळेत मी उंदरांवर काम करतो, एवढंच घरच्यांनी सांगितल्तं. मंग गावानं बराबर अर्थ लावला: सरकारनं पोराला उंदीर मारायला ठेवलंय. सांगून सांगून मी मेटाकुटीला आलो. अरे, आमचे उंदीर पांढरे, आणि मारायच्या आधी आम्ही त्यांना मुद्दाम आजारी पाडायचो. आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी काळजाकडं जाणाऱ्या शिरेत सोडायच्या आणि काही आठवड्यांनी तिथं गाठी धरल्या का, ते पोट उघडून बघायचं. काळीज म्हणजे खाटकाकडं मिळतं तेच, यकृत.

ज्या आत्यानं मला वाढवलं, तिच्याही आतड्यात गाठ निघाली. त्याआधी कितीतरी महिने घरच्यांनी मूळव्याध समजून तिला सुरण खाऊ घातला होता. औरंगाबादला ऑपरेशन झालं, बरं वाटलं. पण पुढच्या सुट्टीला मी आलो त्या खेपेला तिचे डोळे पिवळे दिसले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पसरलंय. आत्याचे मालक म्हणाले, "तिला बोलू नको. काळजाला लागंल तिच्या."

दुसऱ्या दिवशी जोंधळे निवडता निवडता आत्यानंच विचारलं, "तुझ्या उंदराची गाठ पसरती तर कुठं जाती रे?"

मला तिच्याशी खोटं बोलता येत नव्हतं. "काळजात."

"मंग?"

"मंग लई दिवस न्हाई काढत."

तिनं उजव्या बरगडीखाली हात दाबला. "हितंच असतंय न्हवं?"

मी मान डोलावली. मला रडू आलं. ती मात्र सूप खाली ठेवून मालकांना म्हणाली, "पोरीचं लग्न उन्हाळ्यावर कशाला ठेवायचं? आपण बौद्ध माणसं, आपल्याला मुहूर्त लागत न्हाई. येत्या आयतवारीच लावून टाका."

सोयऱ्यांना घाई खटकली, पण ते आले. आत्या मांडवात खुर्चीवर बसली, वंदना झाली, लेकीच्या गळ्यात हार पडला. जेवणं चालू असताना नवरदेवाच्या चुलत्यानं मला गाठलंच. "साहेब, उंदराचं औषध द्या की. कणगी खाऊन राह्यलेत."

मी तोंड उघडायच्या आत आत्या बोलली.

"त्याच्याजवळ औषध न्हाई, पाव्हणं. अजून निघालंच न्हाई."